तलवारबाजीचा पंच

लखनौ हे ‘पहले आप’चे शहर. दोन नबाब आगगाडीच्या दाराशी एकमेकांना ‘पहले आप’ म्हणत उभे राहिले आणि गाडी निघून गेली, ही गोष्ट महाराष्ट्रातही घरोघरी ठाऊक आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही. पण त्याच शहरात एके काळी तलवारीची विद्याही तितक्याच निगुतीने शिकवली जात असे, आणि तिथे आधी कोण, हा प्रश्न जिवाशी येऊन भिडत असे. आजच्या तलवारबाजीत हातातल्या पात्याचे टोक बोथट आहे आणि जीव सुरक्षित आहे. प्रश्न मात्र जुनाच राहिला आहे. दोघांचे वार एकाच क्षणी लागले, तर आधीचा कोणाचा? त्याचे उत्तर देणारा माणूस म्हणजे पंच. हा पंच कसा घडतो, हे पाहण्यासारखे आहे.

लखनौच्या जुन्या विद्येचे वर्णन अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुज़िश्ता लखनौ’ या ग्रंथात करून ठेवले आहे. शरर १८६० साली लखनौत जन्मले आणि १९२६ साली वारले. मावळत्या नबाबी शहराचे खाणे, पेहराव, गाणे, पतंग, कबुतरे यांच्याबरोबरच त्यांनी तिथल्या शस्त्रविद्यांनाही जागा दिली. लाकडी म्हणजे फिकैती, पटा, बांक, बिनौट अशा त्या विद्या. फिकैतीत एका हाती कातडे मढवलेला गदका आणि दुसऱ्या हाती लहानशी ढाल, म्हणजे फरी. आपल्या तालमींतला फरीगदगा तो हाच, आणि पटा हा आपल्या दांडपट्ट्याचा सख्खा भाऊ. शरर सांगतात की फिकैतीची दोन घराणी होती. अलीमद घराण्यात डावा पाय जागचा हलत नसे. पुढेमागे व्हायचे ते उजव्या पायाने. रुस्तमखानी घराण्यात खेळाडू चहूकडे फिरून लढे. पहिले घराणे उमरावांत मानले गेले, दुसरे सामान्यांत पसरले. पाय कोठे ठेवावा एवढ्यावरून घराणी वेगळी व्हावीत, यावरूनच त्या विद्येत नजर किती बारीक लागत असे ते ध्यानात येते.

ती नजर उस्तादाची होती. १८५६ साली कंपनी सरकारने अवध खालसा केले, वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जला गेले आणि उस्तादांचा आश्रय तुटला. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने उरलेसुरलेही आवळले. खेळ थोडाफार उरला, मोहरमच्या मिरवणुकांत आणि आखाड्यांत दिसत राहिला. पण कोणता वार खरा आणि कोणता नुसता लागून गेला, हे ठरवण्याचे शास्त्र कागदावर उतरले नाही. ते उस्तादाबरोबर आले आणि उस्तादाबरोबर गेले.

याच लखनौत आणखी एक विद्या अशीच उस्तादांच्या गळ्यात आणि कानात होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ती चिजांच्या रूपाने गोळा केली, तिला स्वरलिपी दिली आणि १९२६ साली लखनौत मॉरिस कॉलेज उभे करण्यात पुढाकार घेतला. गाण्याला पाठ्यक्रम आणि परीक्षा असू शकते का, या शंकेचे निरसन आजही सर्वांचे झालेले नाही. तलवारबाजीच्या पंचाविषयी तोच प्रश्न विचारता येतो. नजरेला परीक्षा असते काय? पाश्चात्य तलवारबाजीने त्याचे उत्तर ‘असते’ असे दिले. मात्र त्या उत्तरापर्यंत यायला तिला बराच काळ आणि बरेच कलह लागले.

१८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले तेव्हापासून तलवारबाजी त्यात आहे. १९१३ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघ स्थापन झाला आणि निरनिराळ्या देशांचे निरनिराळे नियम एका पुस्तकात आणण्याचे काम सुरू झाले. त्या काळी लढतीचा निवाडा पाच जणांचे मंडळ करी. एक अध्यक्ष आणि चार न्यायाधीश. दोन न्यायाधीश एका खेळाडूच्या अंगावर नजर ठेवीत, दोन दुसऱ्याच्या. वार लागला का, असे अध्यक्षाने विचारले की प्रत्येकाने ‘हो’, ‘नाही’, ‘लागला पण ग्राह्य जागी नाही’ किंवा ‘मला सांगता येत नाही’ यांपैकी एक उत्तर द्यायचे. न्यायाधीशाचे मत एक, अध्यक्षाचे दीड. हा दीडाचा हिशेब मोठा मार्मिक आहे. दोन्ही न्यायाधीश एकमताचे असले तर दोन मतांपुढे अध्यक्षाचे दीड चालत नाही. त्यांच्यांत मतभेद झाला तर अध्यक्ष ज्या बाजूला झुकेल ती बाजू जिंकते. आणि अध्यक्षही म्हणाला की मला दिसले नाही, तर वार झालाच नाही असे धरायचे. अधिकार वरिष्ठाला द्यावा, पण दोघांच्या साक्षीवर त्याला मात करू देऊ नये, एवढे शहाणपण त्या अर्ध्या मतात साठवलेले होते.

तरीही भांडणे व्हायची ती झालीच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेबर प्रकाराच्या अंतिम फेरीत इटलीचे खेळाडू आपल्याच ओरेस्ते पुलिती याच्याशी मुद्दाम हरत आहेत असा आरोप झाला. हंगेरियन न्यायाधीश कोवाच हे त्या आरोपाच्या बाजूने उभे राहिले. पुलिती बाद झाला आणि त्याने रागाच्या भरात कोवाच यांना धमकावले. प्रकरण तिथेच मिटले नाही. त्याच वर्षी काही महिन्यांनी हंगेरीच्या सीमेवर दोघांचे खरोखरीचे द्वंद्वयुद्ध झाले आणि अखेर सोबतच्या लोकांनी त्यांना आवरले. पंचाने निर्णय दिला म्हणून त्याच्याशी खऱ्या तलवारीने लढण्याची वेळ यावी, असा प्रसंग दुसऱ्या खेळात सापडणे कठीण.

अशा वादांवर उतारा म्हणून वीज आली. एपी प्रकारात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून, फॉइलमध्ये १९५६ च्या मेलबर्नपासून आणि सेबरमध्ये १९९२ च्या बार्सिलोनापासून वार यंत्रावर नोंदला जाऊ लागला. खेळाडूच्या शस्त्रातून आणि अंगरख्यातून तार जाते, टोक दाबले गेले की दिवा लागतो. एका बाजूचा लाल, दुसऱ्या बाजूचा हिरवा. चार न्यायाधीश घरी गेले. आता पंचाचे काम उरले तरी काय, असे नवख्याला वाटते. वस्तुस्थिती अशी की यंत्राने पंचाचे सोपे काम काढून घेतले आणि कठीण तेवढे त्याच्याकडे ठेवले.

याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. एपीमध्ये सारे शरीर लक्ष्य असते आणि जो आधी टोचील त्याचा गुण. दोघांचे टोक सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोघांनाही गुण. तिथे यंत्र बरेचसे पुरते. फॉइलमध्ये लक्ष्य फक्त धड, आणि सेबरमध्ये कमरेच्या वरचे सारे अंग. सेबरमध्ये टोकाप्रमाणेच धारेचा वारही चालतो. या दोन प्रकारांत दोन्ही दिवे लागले तर गुण एकालाच मिळतो, आणि तो ज्याच्याकडे त्या क्षणी वाराचा हक्क होता त्याला. हात सरळ करीत, प्रतिपक्ष्याच्या अंगाला सतत धाक दाखवीत जो प्रथम चालून गेला, हल्ला त्याचा. समोरच्याने तो वार आपल्या पात्याने अडवला तर हक्क त्याच्याकडे गेला आणि त्याचा प्रतिवार आधीचा धरायचा. हल्ला चुकला, हात आखडला, मध्येच पाऊल अडखळले, तर हक्क निसटला. ही सारी देवघेव एका सेकंदाच्या आत होते. दिवे फक्त एवढेच सांगतात की दोघांनाही लागले. या सेकंदाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणे हे पंचाचे काम. तो थांबवतो आणि हाताच्या खुणांसह म्हणतो: डावीकडून हल्ला, अडवला, उजवीकडून प्रतिवार, गुण उजवीकडे. तीन-चार शब्दसमूहांचे ते वाक्य त्याला तत्काळ, न अडखळता आणि सर्वांना पटेल असे बोलता आले पाहिजे. त्याला वाक्य बनवता आले नाही, तर त्याने काहीच पाहिले नाही असे समजावे.

लखनौतल्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला हा पंच व्हायचे असेल, तर वाट जिल्ह्याच्या स्पर्धेतून निघते. भारतीय तलवारबाजी संघाची स्थापना १९७४ साली झाली. त्याच्या खाली राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या संघटना आहेत. महाराष्ट्रात कबड्डी-खोखोची पंचपरीक्षा देणारे शिक्षक गावोगाव आहेत. त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. उमेदवार आरंभी गुणलेखक होतो किंवा घड्याळ सांभाळतो. साखळीतील लढत पाच गुणांची आणि तीन मिनिटांची. बाद फेरीतील पंधरा गुणांची, तीन मिनिटांच्या तीन खंडांत, मध्ये एक मिनिटाची विश्रांती. पट्टी चौदा मीटर लांब. खेळाडू मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभे. ही आकडेवारी पाठ करायला आठवडा पुरतो. नियमांचे पुस्तक वाचायला महिना. खरी मेहनत पुढे आहे.

हुकूम फ्रेंच भाषेत द्यायचे असतात, कारण या खेळाची भाषा फ्रेंच. ‘आं गार्द’ म्हणजे पवित्र्यात या. ‘एत वू प्रे’ म्हणजे तयार आहात का. ‘आले’ म्हणजे सुरू करा. ‘आल्त’ म्हणजे थांबा. मराठी कानाला ‘आले’ हा शब्द प्रथम भलताच ऐकू येतो, पण समोरचा खेळाडू खरोखरच आलेला असतो, तेव्हा तो फारसा चुकीचाही नाही. लखनौच्या पंचाने आणि बुडापेस्टच्या पंचाने तेच शब्द उच्चारायचे आणि त्याच खुणा करायच्या, म्हणजे परक्या देशाच्या खेळाडूला दुभाष्या लागत नाही.

मग नजरेची तालीम. नवा पंच दिव्यांकडे पाहतो. तिथेच तो चुकतो. दिवा लागेपर्यंत गोष्ट संपलेली असते. अनुभवी पंच दोघांच्या हातांकडे आणि पायांकडे एकाच वेळी पाहतो, म्हणजे कोणा एकाकडे टक लावीत नाही. अंतर पाहतो, लय पाहतो. उमेदवाराने ज्येष्ठ पंचाच्या मागे उभे राहून प्रत्येक वाराला आपले वाक्य मनात म्हणायचे आणि मग ज्येष्ठाचे ऐकायचे, ही शिकण्याची जुनी आणि अजून न सुटलेली रीत आहे. ती उस्तादापाशी बसून शिकण्यापेक्षा वेगळी नाही, आणि भातखंड्यांच्या पुस्तकाशेजारी तंबोरा लागतोच, हे गाणारा प्रत्येक जण जाणतो.

त्या तालमीत सर्वांत जड जाते ते ‘मला सांगता येत नाही’ हे उत्तर. सेबरमध्ये दोघेही ‘आले’ म्हणताक्षणी एकदम झेपावतात. दोघांचे हल्ले बरोबरीचे असले तर गुण कोणालाच नाही. आणि पंचाला भेद करता आला नाही तर त्यानेही त्यांना पुन्हा पवित्र्यात उभे करायचे. सभोवार आरडाओरडा चाललेला असतो, प्रशिक्षक हातवारे करीत असतो, आणि अशा वेळी कोणाला तरी गुण देऊन मोकळे होण्याचा मोह अनावर होतो. जुन्या मंडळाचे मौन म्हणजे नियमाने दिलेले चौथे उत्तर होते. आजच्या एकट्या पंचाला ते आपल्यापुरते जपावे लागते.

लढतीआधीही त्याला काम असते. प्रत्येक शस्त्राच्या टोकावर वजन ठेवून पाहायचे: फॉइलला ५०० ग्रॅम, एपीला ७५०. त्या वजनाला टोक पुन्हा वर उचलले गेले पाहिजे, म्हणजे निव्वळ घासण्याने दिवा लागणार नाही. जाळीच्या मुखवट्यावर तपासणीची खूण आहे का, अंगरख्याच्या आत काखेचे रक्षण करणारा दुसरा कपडा घातला आहे का, पाते वाकलेले किंवा चिरलेले नाही ना, हे सर्व पाहायचे. यात कंटाळा करणाऱ्या उमेदवाराला १९८२ चे रोम सांगतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाचा ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव याच्याशी लढताना जर्मन खेळाडूचे पाते मोडले आणि मोडके टोक मुखवट्याच्या जाळीतून आत शिरले. स्मिर्नोव काही दिवसांनी वारला. त्यानंतर पात्यांचे पोलाद बदलले, मुखवटे आणि कपडे अधिक बळकट झाले. आणि पट्टीवर उभ्या असलेल्या पंचाची तपासणी ही केवळ रीत राहिली नाही.

परीक्षा दोन अंगांची असते. नियमांचे ज्ञान प्रश्नोत्तरांत पाहतात आणि नजर प्रत्यक्ष लढतीवर. परीक्षक बाजूला बसतात, उमेदवार पट्टीवर उभा राहतो, खेळाडू खरोखरीचे लढतात. हुकूम स्पष्ट आहे का, खूण वाक्याशी जुळते का, पिवळे पत्ते योग्य वेळी निघाले का, मोकळ्या हाताने लक्ष्य झाकणे दिसले का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या मिनिटाला जो हल्ला मानला तोच दहाव्या मिनिटाला हल्ला मानला का. खेळाडूला कडक पंच चालतो, ढिला पंचही चालतो; मध्येच बदलणारा चालत नाही. पंचाचा परवाना प्रत्येक शस्त्राला वेगळा असतो. फॉइलच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याला सेबरवर निवाडा देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. देशातील परीक्षा ओलांडली आणि संघाने नाव पाठवले की महासंघाची परीक्षा. तिथे आधी ‘ब’ वर्ग आणि मग ‘अ’.

एवढी कसोटी कशासाठी, हे एका नियमावरून कळते. पंचाने नियम चुकीचा लावला तर खेळाडूला पुढचा वार होण्याआधी तिथल्या तिथे हरकत घेता येते. पण पंचाने जे घडले असे सांगितले, त्या घटनेच्या निवाड्यावर अपील नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एपीच्या उपांत्य लढतीत कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिट्टा हायडेमान पाच-पाच अशा बरोबरीत होत्या. चिठ्ठीने मिळालेला अग्रमान शिनचा असल्याने बरोबरी राहिली असती तर ती अंतिम फेरीत गेली असती. घड्याळात एक सेकंद उरला होता. त्या एका सेकंदात लढत पुनःपुन्हा सुरू झाली आणि थांबली, तरी घड्याळ सरकेना. अखेर हायडेमानचा वार लागला. कोरियाने हरकत घेतली. पट्टी सोडली तर निर्णय मान्य केला असे होईल, म्हणून शिन सुमारे तासभर तिथेच रडत बसून राहिली. हरकत फेटाळली गेली आणि कांस्यपदकाची लढतही ती हरली. तिथे कोणाच्या प्रामाणिकपणावर डाग नव्हता. घड्याळ पूर्ण सेकंदातच दाखवीत होते.

डाग लागलेला प्रसंगही घडला आहे. २००४ साली अथेन्समध्ये इटली आणि चीन यांच्या पुरुष सांघिक फॉइलच्या अंतिम लढतीत एका पंचाकडून इटलीच्या पारड्यात पडणाऱ्या अर्धा डझन चुका झाल्या असे महासंघालाच आढळले आणि त्या पंचाला दूर करण्यात आले. पदके मात्र बदलली नाहीत. पुढे मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहण्याची सोय आली. खेळाडूला साखळीतील लढतीत एकदा आणि बाद फेरीत दोनदा ती मागता येते. मागणी खरी ठरली तर हक्क शिल्लक राहतो. संथ गतीच्या चित्रातही हल्ला कोणाचा हे शेवटी माणसालाच सांगावे लागते, आणि दोन जाणकार तेच चित्र पाहून दोन उत्तरे देतात असेही होते. तरीही आपली चूक पडद्यावर पाहून सर्वांसमोर निर्णय फिरवणारा पंच हे दृश्य १९२४ च्या मानाने सुधारणेचेच म्हटले पाहिजे.

भारताच्या दृष्टीने या परवान्याला आणखी एक अर्थ आहे. पंच दोन्ही खेळाडूंहून वेगळ्या देशाचा असावा असा आंतरराष्ट्रीय लढतींचा संकेत आहे, आणि मोठा चमू पाठवणाऱ्या देशाने परवानाधारक पंचही सोबत आणावा अशी अपेक्षा असते. २६ जुलै २०२१ रोजी टोकियोत चेन्नईची भवानी देवी ऑलिंपिकमध्ये लढणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. सेबरमध्ये तिने ट्युनिशियाच्या प्रतिस्पर्धिनीला १५-३ असे हरवले आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याकडून ७-१५ अशी हार पत्करली. त्या दोन लढतींतील चाळीस गुणांपैकी प्रत्येक गुण कोणा तरी परक्या पंचाच्या वाक्यातून निघाला. भारतीय खेळाडू जगभर लढू लागले आहेत, तेव्हा ती वाक्ये बोलणाऱ्यांतही भारतीय असावेत, हे खेळाडू घडवण्याइतकेच निकडीचे आहे. खेळाडूला पदक मिळते, त्याचे नाव छापून येते. चांगला पंच तर लढत संपताच विसरला जातो. त्यामुळे या वाटेला येणारे थोडे.

जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या उमेदवाराला पहिली लढत बहुधा लहान मुलांची मिळते. शाळकरी मुले फॉइल धरून एकमेकांवर धावून जातात, दोन्ही दिवे लागतात, आणि दोघेही आपलाच गुण म्हणून मुखवट्याआडून पंचाकडे पाहतात. फ्रान्समध्ये जुनी चाल अशी की ज्याला वार लागला त्यानेच ‘तुशे’ म्हणजे ‘लागला’ असे म्हणावे. मुले तसे म्हणत नाहीत. पंच हात वर करतो, वाक्य बोलतो, गुण देतो. लढत संपल्यावर दोघे मुखवटे काढून सलामी देतात, हात मिळवतात आणि गुणपत्रकावर सह्या करतात. शेवटची सही पंचाची असते.